सर्व्हरबाबाचा हात

काचेपलीकडच्या खोलीत बाबाने सर्व्हरवर हात ठेवला आणि अलीकडे अख्खं इस्पितळ डोळे मिटून उभं राहिलं. नंबर लावायची वेबसाइट बंद पडली होती, रुग्ण ताटकळले होते. "कुणी डोळे उघडले तर ऊर्जा तुटेल हं!" बाबा गरजला. थोड्या वेळाने संगणकांचे पडदे उजळले. मोठ्या परिचारिकाबाईंनी तर चक्क हात जोडले.

मी डोळे उघडेच ठेवले होते. बाबाचा उजवा हात यंत्रावर होता आणि डावा कीबोर्डवर.

मी आले होते धाकट्या बहिणीसाठी. ही वेबसाइट तिने लिहिलेली. बाबा सल्लागार म्हणून आला, "वेग वाढवतो" म्हणत सर्व्हरचे पासवर्ड स्वतःकडे घेऊन बसला, आणि तेव्हापासून गर्दी झाली की साइट बसायची. दोष कुणाचा? धाकटीचा! तिच्या शंकेखोर मनाची छाया यंत्रावर पडते म्हणे. आज संचालक तिला त्याच कारणाने काढणार होते. मीही तिच्यासारखी संगणकाच्याच धंद्यातली. मला नुसता न्याय नको होता, त्या माणसाची सगळ्यांदेखत फजिती हवी होती.

गर्दी वाढली, साइट पुन्हा बसली. बाबा आत शिरला, त्याच्यामागोमाग मी.

"बाई, तुमची ऊर्जा..."

"माझी ऊर्जा राहू द्या. चमत्कार हाताने होतो ना? मग ठेवा दोन्ही हात." मी कीबोर्ड ओढून घेतला. "आणि आज सगळे डोळे उघडे ठेवणार आहेत."

बाबा पुटपुटला, घाम पुसला, पुन्हा पुटपुटला. पडदे ढिम्म. बाहेर कुणीतरी फिस्सकन हसलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

बाबाने मघाशी पासवर्ड टाकून उघडलेला सर्व्हर अजून उघडाच होता. मग मी त्याचा प्रोग्राम बंद करून चालू केला. पडदे उजळले.

"हे काय केलंत?" संचालकांनी आत येत विचारलं.

"धाकटे, आत ये, तू सांग."

तिने सर्व्हरची सेटिंग्ज उघडून पाहिली आणि तिचा चेहरा लाल झाला. "सर, पान उघडलं की आपला प्रोग्राम डेटाबेसला, म्हणजे रुग्णांच्या नोंदवहीला, फोन लावतो असं समजा. काम झालं की फोन ठेवायचा. यांनी तो धरूनच ठेवायला लावलाय, दर वेळी नव्याने लावायला नको म्हणून. लाइन भरपूर असतील तर सोय चांगली आहे. इथे लाइन मोजक्या. सगळ्या अडकल्या की नवा रुग्ण बाहेर. मग हे गुपचूप सर्व्हर बंद-चालू करतात, सगळे फोन सुटतात, झाला चमत्कार!"

"अहो, पण मुळात असं ठेवलंच का?" संचालकांनी विचारलं.

"बंद पडलं नसतं तर यांना कुणी विचारलं असतं?" मी म्हणाले.

धाकटीने फोन धरून ठेवायची ती सूचना बदलली. बाहेरची रांग भराभर सरकू लागली आणि सरकतच राहिली.

"झालं गेलं विसरून जा," संचालक पुटपुटले.

"नाही सर," मी म्हणाले. "दोष सगळ्यांसमोर दिलात, माफीही सगळ्यांसमोर मागा."

त्यांनी मागितली. तेवढ्यात बाबा दाराकडे सटकला. मी दारात आडवी उभी राहिले. "डोळे मिटा बाबा, दार आपोआप उघडेल." त्या हशातून वाट काढत तो गेला.

बंद पडलेलं यंत्र कुणी चालू केलं तर टाळ्या जरूर वाजवा, पण ते बंद का पडत होतं हेही विचारा. आणि कुणी डोळे मिटायला सांगितलं, तर मिटू नका.