ओल्या फडक्याखालचा चेहरा

शिल्पकार गास्पार वेर्दिएने ओलं फडकं उचललं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. मातीच्या सैनिकाचं नाक कालपेक्षा लहान झालं होतं. गालांची हाडंही बुजली होती.

युद्ध संपून तीन वर्षं झाली होती. वालब्रोन गावात जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणीतरी गेलं होतं, म्हणून स्मारकासाठी गावाने एकच अट घातली होती: सैनिक कुणाच्याही मुलासारखा दिसता कामा नये. दिसला, तर गास्पारचं काम रद्द आणि चौकात कारखान्यातला बिडाचा तयार सैनिक. आज दुपारी समिती यायची होती.

शेडची किल्ली आणखी दोघांकडेच होती. माती वाळू नये म्हणून रोज फडकी भिजवणारी मादाम लाकोंब, आणि मेयर ओक्ताव बारा. मेयरचा धाकटा मुलगा व्हर्दंच्या लढाईत गेला. कोवळा, बारीक नाकाचा. त्याचा फोटो गास्पारने पाहिला होता.

दुपारी समितीतल्या औषधवाल्याने मूर्तीकडे पाहिलं आणि पुटपुटला, "हा तर बारांचा धाकटा."

"चष्मा बदल तुझा!" मेयर म्हणाला.

"मस्यू मेयर, माझ्या मातीला हात कुणी लावला, ते तुम्हीच सांगून टाका," गास्पार म्हणाला.

"मी? मला पावाला लोणी नीट लावता येत नाही, बायकोला विचारा! तुम्हीच पॅरिसहून कुणी पोरगा आणून समोर बसवला असेल. कोण आहे हा?"

"मी धुतलं," बादलीजवळून मादाम लाकोंब म्हणाली.

सगळे वळले.

"चेहरा ओला ठेवा म्हणालात ना? मग रोज धुवायचे. कानांमागेसुद्धा. पोरांचा मळ तिथेच राहतो."

गास्पारने तिच्या हातातलं फडकं पाहिलं. मातीने पार राखाडी झालं होतं.

मेयरचा संशय फिटला नव्हता. "मादाम, हा तुमचा मुलगा फेर्नां तर नव्हे?"

तिने बराच वेळ चेहरा न्याहाळला. "छे, मस्यू. धुताना तो इतका गप्प कधी उभा राहिला?"

औषधवाल्याने चष्मा काढून पुसायला घेतला. मेयरने मूर्तीभोवती फेरी मारली, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, वाकून हनुवटीखालूनही पाहिलं.

"कुणाचाच नाही," तो शेवटी म्हणाला. "प्लास्टरचा साचा घ्या."

"उद्या सकाळी घेतो," गास्पार म्हणाला.

मेयर दारात थबकला.

"आजच घ्या. उद्यापर्यंत हा आणखी लहान होईल."