अरुंद पातं

एल्क या मोठ्या हरणाच्या खांद्याचं एक जुनं हाड व्हर्लने गवताच्या गठ्ठ्याला तारेने बांधलं. पुढे कातड्याच्या जागी जाड रबराचा तुकडा लावला आणि तो गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला गेला. शनिवारी शिकारीचा मोसम सुरू होणार होता.

आधी त्याने ड्वेनने भेट दिलेलं पातं बाणाला लावलं. ड्वेन त्याच्या बायकोचा भाऊ. ही पाती मिटलेली उडतात आणि लागल्यावर उघडतात. जखमेत मूठ जाईल, रक्ताचा माग आंधळ्यालाही दिसेल, असं तो म्हणायचा. पण उघडण्यातच बाणाचा बराच जोर खर्च होतो, आणि व्हर्लकडे आता जोर उरला नव्हता. खांद्याचा स्नायू फाटल्यापासून दोरी हलकी ओढता यावी म्हणून तो धनुष्याचे बोल्ट थोडे थोडे सैल करत आला होता. ड्वेनला हे माहीत नव्हतं. रानात ड्वेन मागे बसून नळीतून एल्कला जवळ बोलावणारी हाक काढायचा आणि पुढे बसून बाण व्हर्ल मारायचा, हे वर्षानुवर्षं ठरलेलं होतं. व्हर्लची हाक म्हणजे गंजलेलं फाटक, अशी ड्वेनची थट्टा असे.

बाण हाडाला लागून तिरपा झाला आणि खाली पडला. हाडावर नुसता ओरखडा. असा ओरखडा घेऊन डोंगरापलीकडे गेलेलं जनावर व्हर्लच्या डोळ्यांसमोर आलं.

मग त्याने दगडावर घासलेलं जुनं, अरुंद पातं लावलं. ते हाडातून आरपार गेलं. याने रक्त कमी पडतं, माग गुडघ्यांवर रांगत शोधावा लागतो. त्याची त्याला तयारी होती. भात्यातली ही पाती ड्वेनला दिसतील, याची नव्हती.

तेवढ्यात ड्वेन आलाच.

"काय दाजी, माझी पाती नावडली वाटतं?"

व्हर्ल वाऱ्याचं काहीतरी सांगू लागला. ड्वेनने खुंटीवरचं धनुष्य काढलं, पाय रोवले आणि दोरी ओढली. ती इतकी सहज आली की त्याचं कोपर मागच्या फळीवर आपटलं. दोरी त्याने सावकाश परत सोडली.

"ताण किती ठेवलाय?"

"पंचेचाळीस पौंड."

"सत्तरवरून? ताईला माहीत आहे?"

"बोल्ट सोडवताना दिवा तिनेच धरला होता."

ड्वेनने हाडातल्या चिरेवरून बोट फिरवलं. व्हर्ल टोमण्याची वाट पाहत राहिला.

"गेलंय की आरपार," शेवटी व्हर्लच म्हणाला.

"गेलंय. पण हे हाड जागचं हलत नाही, दाजी." ड्वेन त्याच्याकडे न पाहता बोलत होता. "यंदा मी पुढे बसतो. तुम्ही मागून हाक द्या. तुमची हाक काही वाईट नाही."

व्हर्लने बाणाचं पातं फिरवून काढलं, पुसलं, डबीत ठेवलं.

"नळी दे."

ड्वेनने गाडीतून नळी आणली. व्हर्लने ती ओठांना लावून फुंकली. गंजलेलं फाटक करकरलं.

ड्वेन हसला नाही.