पाटी परक्यांसाठी

पुस्तकांच्या बाइंडिंगच्या कारखान्यातल्या फोरमनला सगळे 'पोलाद' म्हणत. ताप असो, खोकला असो, गडी कामावर हजर. भिंतीवरच्या हजेरीच्या तक्त्यात त्याच्या नावापुढे एकच महिना कोरा होता, धाकट्या बहिणीला स्वतःची किडनी दिली तो. वाचकहो, असे पोलाद आपल्याकडेही कमी नाहीत. नाक पुसत कामावर येणाऱ्याची आपण पाठ थोपटतो आणि घरी थांबणाऱ्याला कामचुकार ठरवतो.

बहीण चित्रकलेची शिक्षिका. तीन वर्षं डायालिसिसवर काढल्यावर तिला ही किडनी मिळाली होती. त्याला आठ महिने झाले होते आणि पुढच्या सत्रात ती वर्गावर जाणार होती. दारावर तिने पाटी लावली होती : सर्दी-खोकला असेल तर फोनवर बोलू.

त्या रविवारी पोलादच्या अंगात कणकण होती. पाटी वाचून तो हसला.

"ही परक्यांसाठी. मी काय परका आहे?"

"दादा, डोळे लाल झालेत तुझे. फ्लूची लस घेतलीस का? डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना सांगितली होती."

"अर्ध्या दिवसाचा खाडा पडला असता. आणि मला काय धाड भरलीय?"

तिने दार अर्धवट लोटलं. पण ज्याने किडनी दिली त्याला दारातून परत कसं पाठवणार? ती बाजूला झाली. तो तासभर बसला, गप्पा मारल्या, मनसोक्त शिंकला.

दोन दिवसांत तो ठणठणीत झाला. पाचव्या दिवशी ती अतिदक्षता विभागात होती.

"मी दोन दिवसांत बरा झालो. मग तिलाच असं का?" काचेबाहेर उभं राहून त्याने वॉर्डच्या मुख्य परिचारिकेला विचारलं.

"तुमच्या अंगातले पहारेकरी जागे होते म्हणून," बाई म्हणाल्या. "रक्तातल्या पांढऱ्या पेशी. जंतू शिरला की पहिली तुकडी लगेच तुटून पडते. दुसरी सावकाश येते, पण नेमक्या त्याच जंतूसाठी प्रतिपिंडं तयार करते आणि त्याचा चेहरा लक्षात ठेवते. लस म्हणजे तो चेहरा आधीच दाखवून ठेवणं."

"आणि तिचे पहारेकरी?"

"आम्हीच गोळ्या देऊन गुंगवून ठेवलेत. तुम्ही सख्खे भाऊ असाल, पण त्यांच्या लेखी तुमची किडनी परकीच. शुद्धीवर असते तर त्या किडनीवरच चालून गेले असते. अशा माणसाचा पहारा आजूबाजूच्यांनी करायचा असतो, दादा. लस घ्यायची, आजारी असलो तर लांब राहायचं."

"मग आता उठवा की त्यांना!"

"गोळ्या कमी केल्यात. जीव वाचेल बहुतेक. किडनीचं सांगता येत नाही."

त्याने काचेवर कपाळ टेकलं. अरे देवा! स्वतःच्या हाताने दिलेलं स्वतःच काढून घेतलं!

जीव वाचला. किडनी गेली.

पोलादने मालकांना हजेरीचा तक्ता उतरवायला सांगितलं. ते "बघू" म्हणाले. जेवणाच्या सुट्टीत त्याने सगळ्यांना घडलेलं सांगितलं, सांगताना रडला. लोकांनी माना डोलावल्या. त्याच आठवड्यात शिवणीच्या टेबलावर दोघं जण रुमालात खोकला दाबत बसले होते. त्याने हात जोडून घरी जा म्हटलं, पण ते गेले नाहीत.

आता आठवड्यातून तीनदा तो बहिणीला डायालिसिसला घेऊन जातो. लस घेतली आहे, तोंडावर मास्क असतो.

"तुला दारातूनच परत पाठवायला हवं होतं रे," ती एकदा म्हणाली.

"मी रागावलो असतो."

"रागावला असतास. चार दिवसांनी बोलला असतास."

मंडळी, आपलं दणकट शरीर जंतू पचवतं आणि तेच शरीर तो दुसऱ्याच्या दारात नेऊन पोचवतं. म्हणून आजारी असाल तर घरी थांबा, आणि कुणी दारातून परत पाठवलं तर मुकाट्याने परत फिरा. पोलादला हे आता पक्कं कळलं आहे. पण बहिणीला देण्याजोगी दुसरी किडनी त्याच्याकडे नाही.