एकवीस म्हणणारी पट्टी

मी एक जुनी कापडी मोजपट्टी आहे, मित्रांनो. शिंप्याच्या गळ्यातली नव्हे. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांची पोटं मी बेंबीवरून मोजली, दिवसातून तीनदा. त्या लेकरांचं आतडं कच्चं असतं. कधी ते सुजतं, सडू लागतं, आणि आधी पोट फुगतं. ते फुगणं मी सांगायचं. डॉक्टर आधी मला विचारत, मग बाळाला बघत. मान होता माझा, उगाच नव्हता.

पण रोज पुसून, ओढून मी ताणले गेले. ताणलेली पट्टी आकडा कमी दाखवते. मला कळत होतं. पण म्हातारपण कबूल करायला कोणाची जीभ उचलते?

काचेच्या पेटीत अकरा दिवसांची एक मुलगी होती. तिची आजी दारातून विचारायची, एवढ्याशा पोटाची रोज मापं कसली, झबलं शिवताय का? त्या दिवशी सकाळी माझ्या जागी आणलेल्या नव्या पट्टीनं मोजलं, एकवीस सेंटिमीटर भरलं. संध्याकाळी नवी पट्टी सापडेना, म्हणून नव्या नर्सनं खणात पडलेल्या मला उचललं. मीही एकवीसच म्हणाले.

बाळाची आई म्हणाली, "पोट ताठ वाटतंय हो."

"सकाळइतकंच आहे, ताई," म्हणत नर्सनं नळीतून द्यायचं दूध हातात घेतलं.

तेवढ्यात थोरल्या नर्सबाई आल्या. पोटाची कातडी चकाकत होती.

"पट्टी राहू दे. तुझा हात काय सांगतोय?"

नव्या नर्सनं हात लावला आणि तिचा चेहराच उतरला. पोटातल्या नळीतून पित्ताचं हिरवं पाणी बाहेर आलं. दूध थांबलं, सलाइन लागलं. नवी पट्टी शोधून मोजलं, तर बावीस. एक सेंटिमीटर मी गिळला होता. आणखी एकदा दूध गेलं असतं तर आतडं फुटलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

दहा दिवस मुलगी उपाशी, आणि आई दूध काढून बाटल्या भरत बसलेली. अकराव्या दिवशी पहिला थेंब पचला.

थोरल्या बाईंनी मला कात्रीनं कापलं, पुन्हा कोणी उचलू नये म्हणून. मला राग नाही आला. थकले होते मी.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं सगळे सांगतात. मी सांगते, जिच्यावर एखाद्याचा जीव टांगलेला असतो, ती वस्तू आधी तपासा. आणि आकडा एक म्हणतो, आई दुसरंच म्हणते असं झालं, तर आईला गप्प बसवू नका. पुन्हा मोजा.