सायकलगाडीची किल्ली

आमच्या गावचे प्रमुख चिम्बिया प्रशिक्षणासाठी जिल्ह्याच्या गावी, कासुंगूला निघाले, तेव्हा हापशावरच्या बायकांनी त्यांची यथेच्छ चेष्टा केली. इतकी वर्षं गाव चालवलं, आता कसं चालवायचं ते शिकणार म्हणे. कोंबडी-भात खातील, फुकटची टोपी घालून परत येतील, असा सगळ्यांचा होरा होता. मीही हसले. पण माझं लक्ष त्यांच्या अंगणातल्या छपराकडे होतं.

त्या छपराखाली गावाची सायकलगाडी असे. सायकलच्या मागे जोडलेली चाकांची खाट, वर ताडपत्री. दवाखाना नदीपलीकडे, तान्हं मूल कडेवर घेऊन धावत जावं इतका जवळ मुळीच नाही, म्हणून एका संस्थेने ती दिली होती. गाडीला साखळी, साखळीला कुलूप आणि किल्ली प्रमुखांच्या गळ्यात. ती मागायची रीत आमच्याकडच्या बाकी मागण्यांसारखीच होती. बाईचं काम असलं तर तिच्या मामाने, आमच्यात तोच घरचा कर्ता, कारभारी लायटन यांच्याकडे जायचं आणि कारभाऱ्यांनी ते प्रमुखांच्या कानावर घालायचं. बाईने स्वतः प्रमुखांपुढे तोंड उघडायचं नाही.

आणि माझे फॅक्सनमामा प्रमुखांशी बोलत नव्हते. ओढ्याकाठच्या मळ्याचा निवाडा विरुद्ध गेल्यापासून ते प्रमुखांच्या घरावरून जाणारी वाटसुद्धा टाळत.

माझी ताकोन्द्वा नुकती रांगायला लागली होती. नवरा दूर झोम्ब्याला नोकरीला, मी आमच्या गावच्या शाळेत शिकवणारी. कॉलेजात शिकल्याचा एक परिणाम असा, की तान्ह्या मुलांना काय काय होऊ शकतं ते सगळं मला पाठ होतं. रोज सकाळी तिच्या कपाळाला हात लावायचा आणि मनातल्या मनात ती वाट चालून बघायची: मामा, मग कारभारी, मग प्रमुख. पहिल्याच पायरीवर वाट संपायची.

प्रमुख परत आले ते खरंच नवी टोपी घालून. उंबराखाली सभा बोलावली आणि प्रशिक्षणात काय झालं ते सांगायला लागले. शिकवणारी नातीच्या वयाची पोरगी होती. तिने सगळ्या प्रमुखांना नाटक करायला लावलं. एका जाड्या प्रमुखाला खुर्चीवर बसवलं आणि आमच्या प्रमुखांच्या हातात गुंडाळलेलं लुगड्याचं कापड देऊन म्हणाली, आजोबा, तुम्ही आई, हे तुमचं आजारी बाळ, आता गाडी मागा. यांनी सवयीने कारभाऱ्याला हाक मारली. कारभारी शेतावर गेलाय, पोरगी म्हणाली. मग मामाला बोलवा, प्रमुख म्हणाले. मामा बाजारात गेलाय. शेवटी आमचे प्रमुख गुडघ्यावर बसून, मोठ्यांपुढे मानाने वाजवतात तशा टाळ्या वाजवत राहिले आणि खुर्चीवरचा जाड्या मोबाइलमध्ये बघत राहिला.

सभा हसून लोळली. प्रमुखही हसले. मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"ती म्हणाली, आजोबा, तुमचं बाळ गेलं. कापडच होतं ते. पण मला ते खाली ठेववेना."

त्यांनी गळ्यातली किल्ली काढली आणि ती कुठे ठेवायची ते बायकांनी सांगावं, असं म्हणाले. आम्हाला असं कधी कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो. अखेर एका म्हातारीने चक्कीचं नाव घेतलं. पीठ दळणारा तिथेच राहतो, तिथेच झोपतो. ठरलं. कारभारी लायटन यांनी विचारलं, मग आता मी काय माशा मारू?

"मागायला मधे कुणी नको," प्रमुख म्हणाले. "पण आभार आणि आभाराची कोंबडी मात्र जुन्याच वाटेने आणा. मामा, मग कारभारी, मग मी. लायटनलाही पोट आहे."

मागे उभे असलेले फॅक्सनमामा पुटपुटले, आपल्याला मागायचंही नाही आणि आभारही मानायचे नाहीत. आणि घरी निघून गेले.

मका पुरुषभर वाढला होता, त्या दिवसांतली गोष्ट. भर दुपारी ताकोन्द्वाचं अंग तव्यासारखं तापलं, डोळे वर गेले आणि हातपाय झटके द्यायला लागले. सभेत बसून सगळं ऐकलेली मी, तिला घेऊन धावले ती मामांकडेच. ते अंगणात कुदळीला दांडा बसवत होते. त्यांच्यापुढे उभी राहून मी वाट बघत राहिले. त्यांनी बाळाकडे बघितलं, प्रमुखांच्या घराकडे बघितलं, आणि कुदळीचा दांडा तसाच धरून राहिले. तेव्हा कुठे मला भान आलं आणि मी चक्कीकडे सुटले.

चक्कीवाल्याने एक शब्द विचारला नाही, पिठाच्या हाताने किल्ली दिली. छपराशी पोहोचले तर प्रमुख घरातून बाहेर आले. मी आपोआप गुडघे टेकले, बाळ छातीशी धरून टाळ्या वाजवायला हात जुळवू लागले.

"ऊठ, ताकोन्द्वाच्या आई. आधी कुलूप."

माझे हात बाळात गुंतलेले, कुलूप त्यांनीच उघडलं. गाडी ओढणारी पोरंसोरं सगळी शेतावर. प्रमुखांनी स्वतः हँडल धरलं. आमच्याकडे प्रमुख कुणाचं ओझं ओढत नाही. वाटेच्या टोकाला मामा उभे होते, हातात अजून कुदळीचा दांडा. त्यांनी तो टाकला, प्रमुखांच्या हातातून हँडल घेतलं आणि सीटवर बसले. नदी ओलांडून पार दवाखान्यापर्यंत मामा पायडल मारत होते, चढावर प्रमुख मागून ढकलत होते. दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत. मी खाटेवर बसून फक्त बाळाचा श्वास बघत होते.

मलेरिया मेंदूकडे चालला होता. नर्स म्हणाली, वेळेत आणलंत. संध्याकाळी ताकोन्द्वा दूध प्यायली, आणि मी मामांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.

घरी आल्यावर मामांनी कोट चढवला, सगळ्यात लाल कोंबडा काखेत घेतला आणि कारभारी लायटन यांच्या दारात जाऊन बसले. मी मागे, बाळ मांडीवर. शेजारच्याच अंगणात प्रमुख बसले होते, सगळं ऐकू येईल इतक्या जवळ. पण लायटन यांनी घाई केली नाही. पावसाची चौकशी केली, मक्याची केली, कुदळीचीसुद्धा केली. मग विचारलं, काय काम काढलंत?

"आमची पोर वाचली," मामा म्हणाले. "प्रमुखांना सांगा."

लायटन उठले, कुंपण ओलांडून गेले, शब्दन् शब्द सांगितला आणि उत्तर घेऊन आले. प्रमुख म्हणतात, कोंबडा मोठा आहे, एकट्याने संपायचा नाही. फॅक्सनने मक्याच्या पिठाची न्सिमा खायला इथेच थांबावं.

मामांनी मान खाली घातली. मग दोन्ही तळहात खोलगट करून हळूहळू टाळ्या वाजवू लागले. मीही वाजवल्या. ताकोन्द्वा आमच्या हातांकडे बघत राहिली आणि मग तिनेही आपले हात एकमेकांजवळ आणले. ते काही नीट जुळले नाहीत.