टीव्हीवर रंग गेला

त्या टीव्हीवाल्या पोरीने जरिलबेक मेला असं एकदाही म्हटलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर गावाने नको नको ते तिच्या तोंडी घातलं.

जरिलबेक माझ्या थोरल्या जावेचा, कलीपाचा मुलगा. मॉस्कोला बांधकामावर गेला आणि तीन वर्षं झाली, त्याचा फोन लागत नाही. तरी कलीपा रोज चहा ओतताना त्याचीही प्याली भरायची. कुणी काही बोललं की म्हणायची, आला आणि रिकामी दिसली तर वाईट वाटेल त्याला.

राजधानीतून, बिश्केकहून ती पोर आली ती हरवलेल्या माणसांवर कार्यक्रम करायला. गोड होती, दोनदा मागून चहा प्यायली. कलीपाने तिला पोटभर सांगितलं, की मुकादमाने कागद काढून घेतले असतील, वसंतात येईल बघ. मग पोरीने तिला खिडकीशी उभं केलं. कलीपा बाहेर बघत राहिली, कारण गाय बटाट्यात शिरली होती.

कार्यक्रम बघायला सगळी गल्ली आमच्याकडे जमली. जरिलबेकच्या फोटोत कलीपाने विणलेला निळा स्वेटर होता, पण टीव्हीवर तो फोटो काळापांढरा. मागे एकटा कोमुझ, आमचं तीन तारांचं वाद्य, वाजत होता, अगदी संथ, आणि फोटो हळूहळू बर्फात विरून गेला. वसंताचं बोलणं कुठेच नव्हतं. नुसती खिडकीतली कलीपा. ती गायीकडे बघतेय हे मला ठाऊक होतं, तरी मेल्या माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"स्वेटर निळा आहे," कलीपा म्हणाली. "यांच्याकडे रंग नव्हता?"

लोक आपापले जोडे शोधून निघून गेले.

सकाळी ती गाय पिळत होती, आणि रस्त्याच्या वळणावरून पुरुषांचा आक्रोश ऐकू आला. आमच्यात मयताच्या घरी पुरुष असेच येतात, लांबूनच हंबरडा फोडत. पुढे आमचे सगळ्यांत थोरले दीर होते, कलीपाच्या नवऱ्याचेही मोठे भाऊ, ज्यांचं नाव आम्ही सुना घेत नाही. माझं डोकंच फिरलं. फाटकात आडवी आले आणि विचारलं, कुणी सांगितलं तुम्हाला पोरगा गेला म्हणून?

"सांगायला कशाला हवं?" ते म्हणाले. "रंग काढून घेतला, कोमुझ वाजवला. एवढं कळतं आम्हाला."

मग काठीवर वाकले. "सूनबाई, तीन वर्षं दाबून ठेवलंय गं. तिच्यासमोर रडायचं कसं?"

कलीपा बादली घेऊन माझ्या मागेच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता ही सगळ्यांना हाकलणार, आणि मी हाकलायला तयारच होते. तिने बादली खाली ठेवली, मांजर तोंड घालेल म्हणून वर फडकं टाकलं. थोरल्या दिरांना आत नेऊन बसवलं, जरिलबेकची प्याली भरली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांना ती ओळखू आली. दोन्ही हातांत धरून बसले, पिववेना.

मग आमच्यात मयताच्या आईने बसायचं तशी ती भिंतीकडे तोंड करून बसली. मी तिचा खांदा धरला, म्हटलं, जाऊबाई, नका बसू, अजून काही कळलेलं नाही.

"कळलं नाहीच," ती म्हणाली. "पण यांना रडू दे."

आणि तिने शोकगीत धरलं. आमच्या शोकगीतात गेलेल्याचे डोळे गातात, त्याचा घोडा गातात, त्याची मर्दुमकी गातात. बाहेरच्या बायका नंतर म्हणाल्या, कलीपा छान रडली. त्यांना शब्द कुठे ऐकू आले? मी शेजारी होते. तिने डोळे गायले नाहीत, घोडा गायला नाही. स्वेटर निळा आहे, एवढंच ती भिंतीला पुन्हा पुन्हा सांगत होती.