सोनेरी काठाचे कप

मला राग चटकन येतो, असं अम्मी सगळ्या दाभोळला सांगत फिरते. साफ खोटं आहे. फ्रांचेस्काचा राग यायला मला जवळजवळ वर्ष लागलं. आला तेव्हा मात्र व्याजासकट आला.

दुबईतल्या एका आर्ट स्कूलची स्कॉलरशिप मला मिळाली, तेव्हा राहायचं कुठे हा प्रश्न होता. मामू दुबईतच, 'बर दुबई' भागात राहतो, पण एका खोलीत सहा बाप्ये आणि पलंगावर पलंग. अब्बा लांब रुवैसला, रिफायनरीत परांच्या बांधायच्या कामावर. कंपनीच्या कॅम्पात मुलीला कोण घेणार? मग स्कूलनेच तोड काढली. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांना इथली काही कुटुंबं घरात ठेवून घेतात. भाडं घेत नाहीत, घरचं माणूस म्हणून वागवतात. मला मिळालं इटालियन कुटुंब. लुका, त्याची बायको फ्रांचेस्का आणि पाच वर्षांचा ज्युलिओ. लुकाचं जबल अलीला संगमरवराचं गोदाम आणि जुमेराला बंगला. अब्बांनी कॅम्पात ज्याला त्याला धरून सांगितलं, "पोरगी इटलीवाल्यांकडे राहते. चित्रकलेचं माहेरघरच ते."

पहिल्याच रात्री अम्मीचा फोन आला. "बसून खाऊ नकोस हां सुमैय्या. दुसऱ्याच्या घरात आहेस, कामाला हात लाव. मरियमबीची पोर आळशी आहे असं कुणी म्हणता कामा नये."

खरं तर आमच्याकडे हे सांगावं लागत नाही. कुणाकडे राहायला गेलं की पहिला दिवस पाहुणचाराचा. दुसऱ्या दिवशी पोरीने ओढणी खोचून भांड्यांपाशी जायचं. मग घरची बाई तिच्या हातातलं भांडं ओढते, "राहू दे गं, पाहुणी ना तू!" पोरगी म्हणते, "असू दे ना खाला." थोडी ओढाओढ होते, दोघी हसतात, आणि तिथून पुढे ती पोरगी घरची होते. भांडी काय, कुणीही घासतं. खरं महत्त्व त्या ओढाओढीला.

मी दुसऱ्या दिवशी जेवणानंतर उठले आणि कप धुवायला घेतले. डिशवॉशर होता, पण फ्रांचेस्काचे ते पातळ, सोनेरी काठाचे कप त्यात चालत नसत. ती आत आली. मी कप घट्ट धरला. आता ओढेल, मग ओढेल. "ओह सूमी, सो स्वीट!" म्हणाली आणि वाइनचा ग्लास घेऊन बागेत निघून गेली. सुमैय्या एवढं नाव तिला लांब पडायचं, म्हणून सूमी.

मी वेड्यासारखी वाट बघत उभी. भांडं कुणी ओढलंच नाही. कप धुतला, पुसला, दुसरा घेतला.

तिथून पुढे काय झालं ते मी आजही दात-ओठ न खाता सांगू शकत नाही. आधी कप, मग सगळी भांडी. मग ज्युलिओची आंघोळ, कारण तो "सूमीचंच ऐकतो". मग दर शुक्रवारी बिर्याणी, कारण मी एकदा हौसेने केली होती. दोन महिन्यांनी फ्रांचेस्काने सफाईला येणाऱ्या बाईला नको सांगितलं. फोनवर मैत्रिणीला म्हणाली, "सूमी आहे ना. आणि तिला आवडतं."

मला आवडतं! मला रंग आवडतात. मला रंगवता रंगवता जेवण विसरायला आवडतं. मी समुद्र ओलांडून फरश्या पुसायला आले नव्हते, त्या दाभोळला पुष्कळ आहेत.

अम्मीला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, फुकट ठेवलंय त्यांनी. तोंड उघडून घालवू नकोस." फोन ठेवून मी उशीत तोंड खुपसून ओरडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा सिंकपाशी.

वर्षाअखेरीच्या प्रदर्शनासाठी एक मोठं चित्र करायचं होतं. विषय शोधत हिंडायला मला वेळ कुठला? जे रोज दिसायचं ते काढलं. सिंकपाशी उभं राहून मान वळवली की दिसणारं जेवणाचं टेबल. जेवणारे सगळे पाठमोरे, कारण माझ्याकडे तोंड करून कुणी बसतच नसे. अगदी पुढे, बघणाऱ्याच्या हाताशी, खरकट्या कपांचा ढीग. फ्रांचेस्काने ते अर्धवट असताना पाहिलं आणि तिचे डोळे पाणावले. "किती प्रेम आहे यात! आमचं घर! हे आपण डायनिंगच्या भिंतीवर लावू." मी ब्रश पाण्यात इतक्या जोरात आपटला की भांडं उलटलं. तिला वाटलं मी लाजले.

प्रदर्शन शनिवारी संध्याकाळी. बाहेरचे परीक्षक येणार, प्रत्येकाने आपल्या चित्रापाशी उभं राहून बोलायचं. त्यावर दुसऱ्या वर्षाची स्कॉलरशिप ठरायची. जो हजर नाही त्याची स्कॉलरशिप खलास. म्हणजे मी सरळ दाभोळला. हे मी फ्रांचेस्काला महिनाभर आधी सांगितलं होतं, फ्रिजवर पत्रिका लावली होती. "शुअर, कारा," म्हणाली होती, कारा म्हणजे त्यांच्या भाषेत लाडके. आणि शुक्रवारी म्हणते, "उद्या लुकाचे क्लायंट्स लंचला आहेत. बिर्याणी तूच कर, सगळ्यांना सांगून ठेवलंय. चारला संपेल, मग जा तू."

चार वाजले. पाच वाजायला आले. बागेत माणसं अजून हसत होती, बिर्याणीचं दुसरं पातेलं मंद आचेवर होतं, ज्युलिओ माझ्या पायाला लटकला होता. मी घाईघाईने कप धुवत होते आणि डोकं तापत चाललं होतं.

सहज खिडकीतून बाहेर पाहिलं तर बागेत माझे अब्बा.

ते येणार हे मला माहीत होतं. रुवैसहून कंपनीच्या गाडीने निघाले होते, पण थेट प्रदर्शनाला येणार असं ठरलं होतं. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. दोन्ही हातांत दोन-दोन खुर्च्या. उन्हातून सावलीकडे नेत होते. टेबलावरचा एक पाहुणा बोट दाखवून म्हणाला, "यल्ला, क्विक, दोज ऑल्सो." आणि माझे अब्बा हसून म्हणाले, "येस सर."

साबणाच्या हातांनीच मी बाहेर धावले.

"अब्बा! काय करताय हे?"

"अगं सुमू, म्हटलं आधी तुझ्या मॅडमला सलाम करून जावं. वर्षभर सांभाळलं तुला." त्यांनी खुर्च्या खाली ठेवल्या. "त्यांनी खुर्च्या दाखवल्या. मोकळ्या हातांनी कसं उभं राहायचं? ज्यांच्या घरी आपली पोर राहते, तिथे लाज कसली?"

"तुम्ही कोण ते सांगितलंत?"

"सांगणारच होतो. घाईत होत्या गं त्या."

त्यांनी आणलेला खजुराचा डबा आणि अम्मीने पाठवलेली आंबापोळी फाटकाजवळ, चपलांशेजारी पडली होती.

"पाणी तरी विचारलं कुणी?"

अब्बांनी नजर खाली घातली. "गाडीत प्यायलो होतो मी."

मे महिन्याचं दुबईचं ऊन, आणि माझ्या बापाला या घरात कुणी पाणी विचारलं नाही. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. मी एक खुर्ची उचलली, पाहुण्यांच्या टेबलाशी, ऐन मधोमध ठेवली.

"बसा."

"सुमू, तमाशा नको."

"बसा म्हणते ना!"

ते अगदी काठावर बसले. पाहुणे वळून बघायला लागले. फ्रांचेस्का हसत हसत आली आणि माझं तोंड बघून तिचं हसू गेलं.

"हे माझे वडील," मी इंग्रजीत म्हणाले.

"ओह! मला वाटलं..."

"काय वाटलं? बोल ना."

ती लालबुंद झाली.

"ते रुवैसहून आलेत. त्यांना पाणी दे. मग कॉफी दे. तू कर, मी करणार नाही."

"सूमी, असं काय बोलतेस? तू घरचीच आहेस आमच्या."

"घरची? घरच्या पोरीच्या हातातलं भांडं कुणीतरी ओढून घेतं, फ्रांचेस्का!"

तिला काही कळलं नाही. कळणार कसं? ती गोंधळून म्हणाली, "पण मी तुला कधी सांगितलं होतं? एकदा तरी? तू आपणहून करायचीस."

हे खरं होतं. एकदाही सांगितलं नव्हतं तिने. आणि म्हणूनच माझा राग दुप्पट झाला. मी आपणहून पुढे केलेला हात तिने वर्षभर धरून ठेवला आणि तिला त्यात काही वावगं दिसलं नाही.

"आज आपणहून नाही करत," मी म्हणाले.

लुका उठायला लागला, पण फ्रांचेस्का स्वतःच आत गेली. पाणी आणलं. मग सोनेरी काठाच्या कपातून कॉफी आणली. "सॉरी, सर," म्हणाली ती अब्बांना. अब्बांनी ती कडू, कढत कॉफी तोंड भाजेपर्यंत घाईने संपवली. मग "थँक्यू मॅडम" म्हणून उठले आणि कप घेऊन स्वयंपाकघराकडे निघाले. धुवायला!

मी त्यांच्या हातातून कप ओढला. ते सोडेनात. भर बागेत, पाहुण्यांसमोर आम्ही बापलेक एका कपाची ओढाओढ करत होतो. शेवटी मी जिंकले. कप टेबलावर ठेवला, उष्टाच.

"आणि ज्युलिओ?" फ्रांचेस्काने हळूच विचारलं.

"तुझा आहे. आणि बिर्याणी खाली लागेल, बघ तिच्याकडे."

टॅक्सीत अब्बांनी मानेवरचा घाम पुसला. मग म्हणाले, "आता राहणार कुठे तू?"

"उद्या बघू."

"बाईने माफी मागितली. कप तरी धुऊन ठेवायला हवा होता."

"अब्बा, त्या कपाचं परत नाव काढलंत तर मी चालत्या गाडीतून उतरेन."

ते खिडकीबाहेर बघत बसले.

आम्ही पोचलो तेव्हा परीक्षक माझ्या शेजारच्या चित्रापाशी होते. माझ्या ओढणीला साबणाचे डाग, आवाज अजून चढलेला. त्यांनी विचारलं, ही माणसं पाठमोरी का? मी सांगितलं, काही न गाळता. एरवी मी अडखळते, त्या दिवशी रागाच्या भरात घडाघडा बोलले. त्यांनी मान डोलावली, काहीतरी लिहिलं, पुढे गेले. स्कॉलरशिपचं काय ते पुढच्या आठवड्यात कळायचं होतं. पण मी माझ्या चित्रापाशी उभी होते.

ते गेल्यावर अब्बा जवळ आले. आतापर्यंत भिंतीला टेकून लांब उभे होते. चित्राकडे पुष्कळ वेळ बघत राहिले. मग पुढच्या ढिगाकडे बोट करून म्हणाले, "हे तेच कप?"

"हो."

"हे सगळे तूच धुवायचीस?"

"हो."

"रोज?"

"रोज, अब्बा."

त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत डोळ्यांवर चढवला. पुन्हा एकदा त्या ढिगाकडे पाहिलं.

"मग बरं झालं," ते म्हणाले, "तो एक राहिला."